क्रोन्स शांत आहे, मग इंजेक्शन कशाला?

वाचक लिहितात:

"मी २९ वर्षांची आहे. तीन वर्षांपूर्वी मला क्रोन्सचं, म्हणजे आतड्याच्या दीर्घकाळ चालणाऱ्या दाहाचं, निदान झालं, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. आधी स्टेरॉइड दिलं, मग प्रतिकारशक्ती आवरणारं अ‍ॅझाथायोप्रिन. त्याने यकृताचे आकडे वाढले म्हणून ते थांबवून दीड वर्षापूर्वी दर दोन आठवड्यांनी अडालिमुमॅबचं इंजेक्शन सुरू केलं. आता पोट दुखत नाही, वजनही भरून आलंय. मग इतकं औषध कशासाठी, असं घरात सुरू झालं. आई मला एका निसर्गोपचारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. त्यांनी तासभर शांतपणे ऐकून घेतलं. इंजेक्शनं प्रतिकारशक्ती मारतात, आजार मुळापासून घालवायचा तर ती बंद करा, २१ दिवस फक्त फळांच्या रसावर राहा, आठवड्यातून दोनदा एनिमा घ्या, असं ते म्हणाले. एक चूर्णही दिलंय. ते सुरू करून महिना झाला आणि मला खरंच छान वाटतंय. शेवटची दोन इंजेक्शनं मी घेतली नाहीत. उपवास अजून सुरू केलेला नाही. डॉक्टरांना यातलं काहीच सांगितलेलं नाही. मागे एकदा आहाराबद्दल विचारलं तेव्हा 'काहीही खा' एवढंच म्हणाले होते. आम्हाला आता मूल हवंय, त्यामुळे औषधांची जास्तच भीती वाटते. मी कुठला मार्ग धरू?"

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात. शेवटची दोन इंजेक्शनं घेतली नाहीत, हे ते वाक्य. बाकीचं आपण सविस्तर बोलू, पण हे आधी. आज नाहीतर उद्या डॉक्टरांकडे फोन करा आणि दोन डोस चुकलेत, सोबत एक चूर्ण चालू आहे, हे जसंच्या तसं सांगा. पुढचा डोस कधी घ्यायचा, नेहमीचाच की सुरुवातीसारखा मोठा, त्याआधी काही तपासणी हवी का, हे त्यांना ठरवू द्या. ते रागावतील अशी भीती असेल तर ती बाजूला ठेवा. डोस चुकवलेले रुग्ण त्यांना नवे नाहीत. अडचण होते ती न सांगितल्याने. उद्या त्रास उलटला तर औषध निकामी ठरलं असा त्यांचा समज होईल आणि ते भलतंच काही बदलून बसतील.

महिनाभर इंजेक्शन नाही आणि तरी छान वाटतंय, मग चूर्ण काम करतंय असं वाटणं अगदी साहजिक आहे. पण अडालिमुमॅब शरीरात रेंगाळणारं औषध आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायलाच साधारण दोन आठवडे लागतात. तुमच्या शेवटच्या डोसचा काही अंश अजूनही अंगात आहे, आणि त्याआधीच्या दीड वर्षात आतड्याची जी डागडुजी झाली तीही आहे. आज तुम्हाला जे बरं वाटतंय ते बहुतेक त्याच्या जोरावर. श्रेय मात्र जाऊन बसलंय चूर्णाच्या खात्यावर. क्रोन्समध्ये हा घोळ वारंवार होतो, कारण औषध थांबवल्यावर आजार दुसऱ्या दिवशी परत येत नाही. काही आठवडे जातात, कधी काही महिने, आणि मधल्या काळात जे काही चालू असेल ते गुणकारी वाटतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ही इंजेक्शनं म्हणजे प्रथिनं असतात. रक्तातली पातळी फार खाली गेली, मग पुन्हा वर आली, पुन्हा खाली गेली, असं झालं की शरीर त्यांना परकं समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. एकदा तसं झालं की तेच औषध पूर्वीसारखं लागू पडेलच असं नाही. क्रोन्ससाठी आज पर्याय वाढले आहेत हे खरं. इन्फ्लिक्सिमॅब १९९८ साली आलं, त्यानंतर अडालिमुमॅब, व्हेडोलिझुमॅब, उस्टेकिनुमॅब, रिसँकिझुमॅब, गोळीच्या रूपातलं उपाडासिटिनिब. पण यादी मोठी म्हणून हातात असलेलं, लागू पडलेलं औषध वाया घालवावं असं मला अजिबात वाटत नाही. तुम्हाला आयुष्याची पुढची कितीतरी वर्षं या आजारासोबत काढायची आहेत.

औषध कधीच थांबवता येत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचा आजार दीर्घकाळ शांत होता अशा रुग्णांचं इन्फ्लिक्सिमॅब त्यांनी थांबवलं, दुसरं औषध चालू ठेवलं आणि बारीक लक्ष ठेवलं. वर्षभरात जवळपास निम्म्यांचा आजार परतला. बाकीचे बरे राहिले, आणि परतलेल्यांपैकी बहुतेकांना तेच औषध पुन्हा दिल्यावर उतार पडला. म्हणजे थांबवण्याचाही एक रीतसर मार्ग आहे. आधी दुर्बिणीने आतडं भरून आल्याची खात्री करायची, मग ठरवून थांबवायचं आणि ठरावीक अंतराने तपासत राहायचं. तुमच्या बाबतीत यातलं काहीच झालेलं नाही. शिवाय अ‍ॅझाथायोप्रिन आधीच बंद झाल्यामुळे इंजेक्शन सोडलं तर मागे आधाराला दुसरं औषधही उरत नाही.

हा आजार पोट दुखायचं थांबलं म्हणून थांबत नाही, यावर मी एवढा जोर का देते ते सांगते. १९३२ साली न्यूयॉर्कमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तीन डॉक्टरांनी लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या या दाहाचं वर्णन केलं, तुम्हाला आहे त्याच जागेचं. पुढे कळलं की तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नमार्गात तो कुठेही होऊ शकतो, मधला भाग चांगला ठेवून तुकड्यातुकड्यांत. मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये दाह आतल्या अस्तरापुरता असतो. क्रोन्स आतड्याच्या भिंतीत आरपार उतरतो. म्हणून पुढे जाऊन आतडं अरुंद होणं, शेजारच्या अवयवाशी किंवा त्वचेशी नळीसारखी वाट म्हणजे फिश्चुला तयार होणं, पोटात पू साठणं हे प्रकार होतात. भिंत एकदा जाड आणि कडक झाली की कोणतंही औषध तिला मऊ करू शकत नाही. मग फुगा घालून ती जागा रुंद करावी लागते, नाहीतर शस्त्रक्रिया. आणि हे सगळं कधी कधी फारशी लक्षणं न दाखवता, राखेखालच्या निखाऱ्यासारखं चालू असतं.

म्हणूनच अलीकडे उपचार 'कसं वाटतंय' एवढ्यावरच चालवत नाहीत. शौचाच्या नमुन्यात कॅल्प्रोटेक्टिन नावाचं प्रथिन मोजतात, त्यावरून आतड्यातल्या दाहाचा अंदाज येतो. लक्षणं नसताना आकडा १५० मायक्रोग्रॅम प्रतिग्रॅमच्या खाली असला तर आतडं शांत असण्याची शक्यता चांगली. तो चढत चालला तर लक्षणं नसली तरी सावध व्हायचं. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तुमचंच औषध, अडालिमुमॅब, दोन प्रकारे वापरून पाहिलं होतं. एका गटात मुख्यतः लक्षणं पाहून डोस वाढवला, दुसऱ्यात कॅल्प्रोटेक्टिन आणि रक्तातला सीआरपीही (दाह असला की वाढणारं प्रथिन) पाहून. पहिल्या गटात ३० टक्के रुग्णांचं आतडं भरून आलं, दुसऱ्यात ४६ टक्के. औषध तेच होतं, फरक पडला तो मोजत राहण्याने. फोनवर बोलाल तेव्हा ही तपासणी आत्ता करायची का, हे आवर्जून विचारा. कुठलाही वाद घालण्याआधी तुमच्या हातात तो आकडा हवा.

आता 'प्रतिकारशक्ती मारतात' या वाक्याकडे येते. यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते मनाला पटतं. क्रोन्समध्ये प्रतिकारशक्ती आतड्यावरच उलटलेली असते. टीएनएफ हा तिचा एक निरोप्या रेणू. अडालिमुमॅब त्याला पकडून ठेवतं. टीएनएफ संसर्गाशी लढायलाही लागतो, त्यामुळे काही संसर्गांचा धोका खरोखर वाढतो. म्हणून सुरुवातीला क्षयरोग आणि हिपॅटायटिस बीची तपासणी करतात, जिवंत जंतूंच्या लसी टाळतात आणि फ्लू, न्यूमोनियासारख्या बाकीच्या लसी आग्रहाने घ्यायला सांगतात. ताप आला तर अंगावर काढू नका म्हणतात ते त्यासाठीच. धोका आहे, पण तो ओळखीचा आहे आणि त्यावर नजर ठेवता येते. न आवरलेल्या क्रोन्सचा धोका त्याहून मोठा. आणि दाह वारंवार उसळल्यावर जे स्टेरॉइड घ्यावं लागतं, ते संसर्गाच्या दृष्टीने या इंजेक्शनपेक्षा हलकं नाही.

'मुळापासून' हा शब्द मला दुखवतो. आजाराचं एकच असं मूळ कोणाच्याच हाती लागलेलं नाही. २००१ साली एनओडी२ या जनुकाशी त्याचा संबंध सापडला, त्यानंतर आणखी कितीतरी जनुकं सापडली. आतड्यातल्या जंतूंचा वाटा आहे, धूम्रपानाचा आहे, आहाराचाही असावा. हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. ते २१ दिवसांत सुटेल असं म्हणणारा माणूस कितीही मायेने बोलला तरी, जे त्याच्याकडे नाही त्याचं वचन देतोय.

तरीही त्या तासभर ऐकून घेण्याची किंमत मला कळते. मी आहारतज्ज्ञ म्हणून पोटविकाराच्या रुग्णांसोबत काम करते, आणि 'काहीही खा' हे उत्तर ऐकून आलेले लोक मला सतत भेटतात. त्या उत्तराने तुम्ही एकट्या पडलात. जेवण तर रोजचंच, आणि प्रत्येक घासाला हे सोसेल का ही धास्ती. त्यावर डॉक्टर बोलत नसतील तर रुग्ण जो बोलेल त्याच्याकडे जाणारच. शिवाय ते उत्तर आज बरोबरही नाही. क्रोन्समध्ये आहाराला किती महत्त्व आहे हे वैद्यकशास्त्रानेच दाखवून दिलंय.

लहान मुलांच्या क्रोन्समध्ये अनेक ठिकाणी पहिला उपचार म्हणून स्टेरॉइडऐवजी सहा ते आठ आठवडे फक्त विशिष्ट द्रव आहार देतात. त्यात प्रथिनं, चरबी, जीवनसत्त्वं, उष्मांक सगळं मोजून पूर्ण असतं. दुसरं काहीही खायचं नाही. दाह उतरतो, मुलांचं वजन वाढतं, आतडंही भरून येतं. मोठ्यांमध्ये परिणाम कमी दिसतो, मुख्यतः इतके दिवस नुसतं द्रव पिऊन राहणं जमत नाही म्हणून. पण शस्त्रक्रियेआधी किंवा स्टेरॉइड टाळायचं असेल तेव्हा मोठ्यांनाही तो देतात. हाच मार्ग थोडा सोपा करण्यासाठी निम्मा द्रव आहार आणि निम्मे निवडक साधे पदार्थ अशी पद्धत निघाली. तिची मुलांवरची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिचे निकाल चांगले होते आणि मुलांना ती जास्त झेपली.

हे मुद्दाम सांगतेय, कारण रसाच्या उपवासामागची कल्पना वरवर यासारखीच वाटते. आतड्याला विश्रांती, पचायला हलकं, काही दिवस. पण परिणाम उलटा होतो. रसात प्रथिनं जवळपास नसतात, साखर भरपूर असते आणि ती जुलाब वाढवू शकते. तीन आठवड्यांत स्नायू झडतात. क्रोन्सच्या रुग्णाला मुळातच कुपोषणाची भीती, आणि तुमचं वजन आत्ता कुठे भरून आलंय. पहिल्या आठवड्यात पोट हलकं वाटेल, कारण आतड्यातून पुढे सरकायला फारसं काही नसेलच. त्याला बरं होणं म्हणू नका. तो उपवास करू नका. एनिमाही नको. व्रण असलेल्या आतड्याला वारंवार असं धुण्याने फायदा होतो याचा पुरावा नाही. इजा होण्याचा आणि शरीरातले क्षार बिघडण्याचा धोका मात्र आहे.

मग खायचं काय? याचं उत्तर एका प्रश्नावर अवलंबून आहे आणि तो तुम्ही डॉक्टरांना विचारायला हवा: माझं आतडं कुठे अरुंद झालंय का? एमआरआय किंवा सोनोग्राफीत ते दिसतं. अरुंद असेल तर साली, बिया, बदाम-अक्रोडासारखा कठीण सुकामेवा, दोरेदार भाज्या, कच्चं कोशिंबिरीसारखं खाणं टाळायचं, कारण ते तिथे अडकून बसू शकतं. तसं नसेल तर तंतुमय पदार्थ सोडण्याचं काही कारण नाही. कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षं भाज्या-फळांशिवाय राहतात, निव्वळ भीतीपोटी. सोलून, मऊ शिजवून, मिसळून थोडं थोडं वाढवा. पाकीटबंद, खूप प्रक्रिया केलेले पदार्थ, ज्यांच्या वेष्टणावर इमल्सिफायर, कॅराजिनन, माल्टोडेक्स्ट्रिन असली नावं असतात, ते शक्य तेवढे कमी करा. दुधाने पोट फुगत असेल तर काही दिवस थांबवून पाहा. न फुगता पचत असेल तर उगाच सोडू नका, कॅल्शियम लागणारच आहे, पूर्वी स्टेरॉइड घेतलेल्या हाडांना तर जास्तच.

विशिष्ट कर्बोदक आहार म्हणून एक कडक पथ्य या आजारात फार नावाजलं जातं. त्याची आणि भूमध्य समुद्राकाठच्या साध्या आहाराची (भाज्या, फळं, कडधान्यं, मासे, ऑलिव्ह तेल) समोरासमोर तुलना झाली, २०२१ साली. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांत ४५ टक्क्यांच्या आसपास लोकांची लक्षणं शांत झाली होती. कडक पथ्याला काही जास्तीचं फळ मिळालं नाही. आणि ज्यांचा सीआरपी वाढलेला होता त्यांच्यापैकी फार थोड्यांचा तो सुधारला. आहाराने पोटाला आराम पडतो, तो मोलाचा आहे, पण दाहाचं काम तो एकटा उचलत नाही, हे मला त्या निकालात स्पष्ट दिसतं. म्हणून मी रुग्णांना ज्याचा जाच होणार नाही असाच आहार सुचवते.

चूर्णाबद्दल माझं मत कठोर आहे. त्यात काय आहे हे लेखी मागा. मिळालं नाही तर ते घेऊ नका; आणि थांबवण्याआधी डबी डॉक्टरांना दाखवा, कारण नाव-गाव नसलेल्या चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडण्याचे प्रकार घडलेले आहेत, आणि तसं असेल तर ते एकदम बंद करणंही बरं नसतं. जड धातूही सापडतात. अ‍ॅझाथायोप्रिनने तुमच्या यकृताला एकदा त्रास दिलाय, म्हणून यकृताची तपासणीही आत्ता करून घ्या. वनस्पती आहे म्हणजे निर्धोक, असं नसतं. गुळवेल आणि हळदीचा तीव्र अर्क या दोन्हींमुळे काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदलं गेलं आहे. (स्वयंपाकातली हळद वेगळी, तिची चिंता नको.) ज्येष्ठमध स्टेरॉइडसोबत घेतलं तर रक्तदाब वाढून पोटॅशियम घसरू शकतं. सोनामुखी, कोरफडीचा चीक हे रेचक. जुलाबाच्या आजारात त्यांचं काय काम? प्रतिकारशक्ती 'वाढवणारं' काहीही, ती आधीच उलटलेली असताना, मी घेऊ देणार नाही.

आणि वनौषधींना शास्त्रज्ञांनी संधीच दिली नाही, ही तक्रार इथे खरी नाही. सालईच्या डिंकाची, म्हणजे बॉसवेलियाची, वर्षभराची चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्रास काही झाला नाही, पण क्रोन्स शांत ठेवण्यात तो नकली गोळीपेक्षा सरस ठरला नाही. हळदीतलं कर्क्युमिन शस्त्रक्रियेनंतर आजार परतू नये म्हणून देऊन पाहिलं, तेही उपयोगी ठरलं नाही. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये त्याचे निकाल बरे आहेत, पण तो वेगळा आजार. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलवर दोन मोठ्या चाचण्या झाल्या, २००८ साली निकाल आला, क्रोन्समध्ये फायदा नाही. प्रोबायोटिक्सचाही क्रोन्सपुरता भरवशाचा पुरावा नाही. यातलं काही लागू पडलं असतं तर मला मनापासून आनंद झाला असता.

याउलट, कमतरता भरून काढण्याचं काम मात्र नेटाने करायला हवं. बी१२ नेमकं लहान आतड्याच्या शेवटच्या भागातच शोषलं जातं, म्हणजे तुमच्या आजाराच्या जागी. ते, लोह, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), ड जीवनसत्त्व, फोलेट यांची तपासणी वर्षातून एकदा तरी करा. नुसतं लोह कमी असल्याने येणारा थकवा कितीतरी जणी क्रोन्सचाच म्हणून सोसत राहतात. लोहाच्या गोळ्यांनी पोट बिघडत असेल तर शिरेतून देता येतं.

निसर्गोपचाराच्या ज्या भागाला माझा मनापासून पाठिंबा आहे तो पुढचा. झोप, चालणं, श्वसनाचे व्यायाम, योगासनं, ध्यान, गरम पाण्याची पिशवी, दिवसाला एक लय. ताणाने व्रण तयार होत नाहीत, पण मेंदू आणि आतड्याचा संवाद सतत चालू असतो, आणि तीच कळ ताणाखाली दुप्पट जाणवते. दाह शांत असूनही ज्यांचं पोट कुरकुरत राहतं, अशांना या गोष्टींनी कधी कधी गोळीपेक्षा जास्त आराम पडतो. मनाचा थकवा, उदासी यासाठी समुपदेशन घेणंही उपचारच आहे. घरात कोणी धूम्रपान करत असेल तर तुमच्यासमोर नको, आणि तुम्ही करत असाल तर ते सोडणं हा या आजारातला सगळ्यात मोठा 'नैसर्गिक' उपाय. धूम्रपान करणाऱ्यांचा क्रोन्स जास्त उसळतो आणि शस्त्रक्रियेपर्यंत जास्त वेळा जातो. डोकं, कंबर दुखली तर आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळा, पॅरासिटामॉल घ्या.

तेव्हा दोनपैकी एक मार्ग निवडण्याची गरजच नाही. दाह आवरण्याचं काम इंजेक्शनचं. पोषण, झोप, मन, ताकद हे सगळं दुसऱ्या बाजूचं. त्या निसर्गोपचारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा: इंजेक्शन चालू राहील, उपवास आणि एनिमा नाही, जे द्याल ते लिहून द्या आणि डॉक्टरांना दाखवू द्या. यावर ते राजी असतील तर त्यांच्याकडे जरूर जात राहा. आहारात किंवा दिनक्रमात जो बदल सुचवतील तो एका वेळी एकच करा, दोन-तीन महिने नीट पाळा, आधी आणि नंतर कॅल्प्रोटेक्टिन मोजा. हे ऐकून चिडणाऱ्या माणसाकडे परत जाऊ नका, मग तो कुठल्याही शास्त्राचा असो. डॉक्टरांकडे मात्र आहारतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा, हक्काने मागा.

आईला पुढच्या भेटीत सोबत न्या. लेकीला दर पंधरा दिवसांनी सुई टोचून घेताना पाहणं त्यांना सोसत नसेल. कॅल्प्रोटेक्टिनचा आकडा आणि दुर्बिणीतले आधीचे-नंतरचे फोटो डॉक्टरांनीच त्यांना दाखवले तर तुम्हाला घरात एकटीने लढावं लागणार नाही.

तोवर थंडी वाजून ताप आला, पोट फुगून उलट्या होऊ लागल्या आणि वायू सरेना, शौचातून बरंच रक्त गेलं, किंवा गुदद्वाराजवळ दुखरी गाठ, पू दिसला, तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, थेट रुग्णालयात जा.

राहिलं मूल. तुमची भीती नेमकी उलट्या टोकाला आहे. गर्भाला जास्त धोका औषधापेक्षा उसळलेल्या आजाराचा असतो. त्याने गर्भपात, वेळेआधी प्रसूती, कमी वजनाचं बाळ यांची शक्यता वाढते. आजार शांत असताना दिवस गेले तर बहुतेक जणींचा तो गरोदरपणातही शांत राहतो. म्हणून किमान तीन ते सहा महिने स्टेरॉइडशिवाय, तपासण्यांनिशी शांत आजार असावा आणि मग प्रयत्न सुरू करावेत, असा सल्ला देतात. अडालिमुमॅब गरोदरपणात सहसा चालू ठेवतात, स्तनपानही करता येतं. क्रोन्समध्ये कधी कधी देतात ते मेथोट्रेक्सेट मात्र गर्भाला घातक, आणि उपाडासिटिनिबसारख्या गोळ्याही त्या काळात चालत नाहीत. आज अडालिमुमॅब हातचं गमावलंत तर उद्या पर्यायही जपून निवडावे लागतील, तेव्हा मूल हवंय हे फोनवरच सांगून टाका. फोलिक अ‍ॅसिड आत्तापासून विचारून सुरू करा. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि पोटविकारतज्ज्ञ एकमेकांशी बोलतील असं बघा. आणि पुढे बाळ झाल्यावर, बीसीजीसारखी जिवंत जंतूंची लस देण्याआधी, गरोदरपणात हे इंजेक्शन चालू होतं हे बालरोगतज्ज्ञांना सांगायला विसरू नका. ती लस काही महिने पुढे ढकलावी लागते.